ताटातील गणित
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



प्राथमिक शाळेत गुणाकार शिकविण्याची वाट पूर्वापार ठरून गेली आहे. पाच टोपल्या, प्रत्येक टोपलीत चार आंबे, तर एकूण आंबे किती? चार ही संख्या पाच वेळा मिळवीत बसण्यापेक्षा पाच चोक वीस म्हणणे सोयीचे, हे मुलाला पटते आणि पाढ्यांची उपयुक्तता त्याच्या लक्षात येते. ही वाट योग्यच आहे. परंतु केवळ याच वाटेने गेलेल्या मुलाच्या मनात गुणाकार म्हणजे झटपट केलेली बेरीज, एवढीच कल्पना रुजते. गुणाकाराचे आणखी एक मूळ आहे आणि ते निवडीत आहे. दोन गोष्टींतून एक आणि तीन गोष्टींतून एक अशी निवड करावयाची झाल्यास ती किती तऱ्हांनी करता येईल, हा प्रश्न टोपलीतील आंब्यांच्या प्रश्नाहून निराळा आहे. तो मुलापुढे ठेवण्यास फार दूर जावे लागत नाही. रोजचे जेवणाचे ताट पुरेसे आहे.

इयत्ता चौथीच्या वर्गात पुढील उदाहरण घातले आहे अशी कल्पना करावी. एका घरी ज्वारीची आणि बाजरीची अशा दोन प्रकारच्या भाकऱ्या केल्या आहेत. भाज्या तीन आहेत : मेथीची, वांग्याची आणि गवारीची. जेवणाऱ्याने एका प्रकारची भाकरी आणि एकच भाजी घ्यावयाची आहे. तर ताटे किती प्रकारची होतील?

पाढे बिनचूक म्हणणारी मुलेसुद्धा या प्रश्नाला पुष्कळदा “पाच” असे उत्तर देतात. शिक्षकाच्या हातातील खडू येथे क्षणभर थांबावयास हवा. हे उत्तर चुकीचे असले तरी ते निष्कारण आलेले नाही. मुलाने स्वयंपाकघरातील जिन्नस मोजले. दोन भाकऱ्या आणि तीन भाज्या मिळून पाच जिन्नस होतात, ही त्याची मोजणी खरीच आहे. मात्र प्रश्न जिनसांचा नव्हता, ताटांचा होता. मुलाला गुणाकार येत नाही असा निष्कर्ष येथे काढणे म्हणजे त्याच्यावर अन्याय होय. कोणती वस्तू मोजावयाची, हे त्याच्यापुढे स्पष्ट झालेले नाही, इतकेच खरे. ते स्पष्ट करणे हे अध्यापनाचे काम आहे.

याकरिता साहित्य फार लागत नाही. रद्दी कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. दोन चिठ्ठ्यांवर भाकऱ्यांची नावे आणि तीन चिठ्ठ्यांवर भाज्यांची नावे लिहून मुलाला ताटे लावावयास सांगावे. लावलेले प्रत्येक ताट त्याने पाटीवर उतरवावे. पहिल्या प्रयत्नात मूल आठवेल तसे लिहीत जाते : ज्वारी-मेथी, बाजरी-वांगे, ज्वारी-गवार, पुन्हा बाजरी-वांगे. एखादे ताट दोनदा येते, एखादे राहून जाते. शेजारच्या मुलाची यादी निराळी भरते आणि वाद सुरू होतो. असा वाद वर्गात होणे इष्ट आहे. कोणाची यादी पूर्ण, हे कसे ठरवावयाचे, असा प्रश्न आता मुलांच्या मनात आपोआप उभा राहतो.

त्या क्षणी शिक्षकाने क्रमाची कल्पना पुढे ठेवावी. प्रथम ज्वारीची भाकरी हाती धरावी आणि तिच्याबरोबर येणाऱ्या सर्व भाज्या संपवाव्यात. मग तिला बाजूला ठेवून बाजरीची भाकरी घ्यावी. फळ्यावर दोन ओळी होतील :

ज्वारी-मेथी, ज्वारी-वांगे, ज्वारी-गवार
बाजरी-मेथी, बाजरी-वांगे, बाजरी-गवार

ओळी दोन आणि प्रत्येक ओळीत ताटे तीन. दोन त्रिक सहा हे पाढ्यातील वाक्य येथे मुलाला डोळ्यांनी दिसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकही ताट राहिले नाही आणि एकही दोनदा आले नाही, हे मूल आता कारणासहित सांगू शकते. या पाठाचे सारे मर्म त्या कारणात आहे. सहा हे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावरूनही मिळेल. आपली यादी पूर्ण का आहे हे सांगण्याची शक्ती मात्र क्रमाने केलेल्या कामातूनच येते.

यानंतर प्रश्न थोडा वाढवावा. भाज्या तीनच्या चार झाल्या तर ताटे किती वाढतील? पुष्कळ मुले “एक” म्हणतील. वस्तुतः नवी भाजी प्रत्येक भाकरीबरोबर येणार, म्हणून ताटे दोनांनी वाढून आठ होतात. भाज्या तीनच ठेवून नाचणीची भाकरी वाढविली तर ताटे तीनांनी वाढून नऊ होतात. एकच जिन्नस वाढला, परंतु तो कोणत्या बाजूला वाढला यावर वाढ अवलंबून राहिली, हे पाहून मुलांना कुतूहल वाटते. मग तोंडी लावण्यास ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी यांपैकी एक घ्यावे असे सांगितले की, मूळच्या सहा ताटांपैकी प्रत्येकाच्या दोन तऱ्हा होऊन संख्या बारावर जाते. फळ्यावर हे झाडाच्या फांद्यांप्रमाणे काढावे. खोडापासून भाकरीच्या दोन फांद्या, प्रत्येक फांदीला भाजीच्या तीन डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीला तोंडी लावण्याची दोन पाने. पाने मोजली की उत्तर मिळते. सहावीतील मुलास ही आकृती एकदा काढता आली, म्हणजे सूत्र न सांगताही गुणाकाराचा नियम त्याच्या हाती येतो.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण यापेक्षा सूक्ष्म आहे. वांगे, बटाटा, शेवगा आणि टोमॅटो या चारांपैकी कोणत्याही दोहोंची मिळून भाजी करावयाची आहे. किती प्रकारच्या भाज्या होतील? आधीचा पाठ शिकलेले मूल उत्साहाने म्हणते : पहिली निवड चार तऱ्हांनी, दुसरी उरलेल्या तीन तऱ्हांनी, म्हणून चार त्रिक बारा. त्याने शिकलेला नियम नीट वापरला आहे. तथापि यादी करावयास बसल्यावर वांगे-बटाटा आणि बटाटा-वांगे अशी दोन नावे तिच्यात येतात. चुलीवरच्या पातेल्यात मात्र या दोन नावांची भाजी एकच. प्रत्येक भाजी दोनदा मोजली गेली, म्हणून बाराचे निम्मे सहा हे खरे उत्तर. येथेही क्रमाची यादी उपयोगी पडते. वांग्याबरोबर उरलेल्या तिघांच्या तीन जोड्या. वांगे संपले, ते पुन्हा घ्यावयाचे नाही. बटाट्याबरोबर पुढच्या दोन. शेवग्याबरोबर टोमॅटोची एक. तीन, दोन आणि एक मिळून सहा.

याच चार भाज्यांवर दुसरा प्रश्न विचारावा. सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी भाजी करावयाची आहे, तर दोन दिवसांचा बेत किती तऱ्हांनी ठरेल? आता सोमवारी वांगे व मंगळवारी बटाटा हा बेत आणि त्याच्या उलट बेत हे दोन भिन्न बेत आहेत. उत्तर बारा. दोन्ही दिवशी एकच भाजी चालत असेल तर चार चोक सोळा. तात्पर्य, सहा, बारा आणि सोळा ही तीनही उत्तरे बरोबर आहेत, मात्र प्रत्येक उत्तर आपापल्या प्रश्नाचे आहे. क्रमाला महत्त्व आहे काय? तीच वस्तू पुन्हा घेता येते काय? हे दोन प्रश्न उदाहरण सोडविण्यापूर्वी विचारण्याची सवय मुलांना लागली, तर गणिताबरोबर भाषेचे वाचनही सूक्ष्म होते. शाब्दिक उदाहरणात मुले अडतात ती बहुधा आकडेमोडीत अडत नाहीत. वाक्य नीट न वाचल्यामुळे अडतात.

तिसरा प्रकार “घ्यावे की न घ्यावे” याचा आहे. भाकरी तर आहेच. तिच्याबरोबर कांदा, ठेचा आणि लिंबू यांपैकी हवे ते घ्यावे, नको ते सोडावे. कोणी काहीच घेणार नाही, कोणी तिन्ही घेईल. किती तऱ्हा? येथे यादी वाढविण्याची एक सुंदर रीत आहे. प्रथम कांदा एकटाच आहे असे धरावे. नुसती भाकरी आणि कांदा-भाकरी अशा दोन तऱ्हा झाल्या. आता ठेचा आला. जुन्या दोन्ही तऱ्हा जशाच्या तशा उतरवाव्यात आणि त्यांच्याखाली त्याच दोन पुन्हा लिहून प्रत्येकीत ठेचा घालावा. चार झाल्या. लिंबू आल्यावर ह्या चार उतरवून त्याखाली त्याच चार लिंबासह लिहाव्यात. आठ झाल्या. ताकाचा पेला आला की सोळा. प्रत्येक नवा जिन्नस यादी दुप्पट करतो, कारण त्याच्यापुढे दोनच मार्ग आहेत : ताटात येणे किंवा न येणे. पाच जिनसांच्या बत्तीस आणि सहा जिनसांच्या चौसष्ट तऱ्हा होतात. नुसती भाकरी हीही एक तऱ्हा आहे, हे मुलांकडून हमखास निसटते. ते त्यांनीच शोधून काढावे, शिक्षकाने घाईने सांगू नये.

ही गणना आपल्या देशास नवी नाही आणि आहाराच्या विचारातही ती आढळते. आयुर्वेदाने सहा रस मानले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. शिक्षकांनी येथे शब्दांकडे लक्ष द्यावे. संस्कृतातील कटु म्हणजे मराठीतील तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. नादसाम्यामुळे येथे उलटापालट होण्याचा संभव असतो. हे सहा रस एकेकटे किंवा एकमेकांत मिसळून किती प्रकार होतात, याचा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात आला आहे. दोन दोन रसांचे पंधरा प्रकार तेथे ज्या रीतीने मोजले आहेत, ती रीत वर सांगितलेल्या भाज्यांच्या यादीचीच आहे. मधुर रस उरलेल्या पाचांशी जोडावा, अम्ल त्यापुढील चारांशी, लवण तिघांशी, कटु दोघांशी आणि तिक्त शेवटच्या कषायाशी. पाच, चार, तीन, दोन आणि एक मिळून पंधरा. सर्व प्रकारांची एकूण संख्या त्रेसष्ट येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही रसांच्या भेदांची हीच संख्या आहे.

पुढे भास्कराचार्यांनी हा प्रश्न गणिताच्या ग्रंथात घेतला. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला, आणि ‘लीलावती’ ज्याचा भाग आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये रचला. सहा रसांपासून एक, दोन, तीन अशा क्रमाने रस घेऊन व्यंजनाचे किती भेद होतील, असे एक उदाहरण ‘लीलावती’त आहे. त्याची रीत सहावी-सातवीच्या मुलांनाही करून दाखविता येते. वरच्या ओळीत ६, ५, ४, ३, २, १ हे अंक लिहावेत आणि त्यांच्याखाली १, २, ३, ४, ५, ६ हे लिहावेत. पहिल्या वरच्या अंकाला खालच्याने भागून सहा आले, हे एकेरी रसांचे प्रकार. सहास पाचाने गुणून दोहोंनी भागावे, पंधरा आले. पंधरास चारांनी गुणून तिहींनी भागावे, वीस आले. पुढे याच क्रमाने पंधरा, सहा आणि एक येतात. सर्वांची बेरीज त्रेसष्ट. दोन रसांचे प्रकार पंधरा आणि चार रसांचेही पंधराच का, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर त्याचे कौतुक करावे. सहांतून चार रस घेणे म्हणजेच दोन रस सोडणे होय. म्हणून दोहोंची संख्या सारखी.

आता मघाच्या दुप्पट करण्याच्या रीतीशी याचा मेळ घालावा. सहा जिनसांच्या चौसष्ट तऱ्हा झाल्या होत्या. त्यांतील एकही जिन्नस न घेण्याची तऱ्हा वजा केली की त्रेसष्ट उरतात. दोन निरनिराळ्या वाटांनी जाऊन एकाच गावी पोचल्याचा आनंद मुलांना मिळावा, अशी ही जागा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. ज्या उदाहरणाचे अध्ययन तेथे झाले असेल, तेच उदाहरण आज जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल पाटीवर सोडविते, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

इतके गणित झाल्यावर त्याच्या मर्यादेचाही विचार करावयास हवा. गणित शक्य तेवढी ताटे मोजते. त्यांतील योग्य कोणती, हे ते सांगत नाही. भाकरी, पोळी आणि भात यांपैकी एक आणि आमटी, पिठले, मेथीची भाजी व खीर यांपैकी एक अशी निवड केल्यास बारा ताटे होतात. एखाद्या गावची मुले म्हणतील की, भाकरीबरोबर खीर कोणी खात नाही, म्हणून अकराच. दुसऱ्या गावची मुले बाराही ताटे मान्य करतील. दोन्ही गावांचे गणित बरोबर आहे, फक्त अट निराळी आहे. अट फळ्यावर स्पष्ट लिहावी आणि मगच वजाबाकी करावी. चरकसंहितेनेही त्रेसष्ट प्रकार सांगितल्यावर, रसांचे कमी-अधिक प्रमाण विचारात घेतले तर भेदांची गणती होणार नाही, असे म्हटले आहे. मोजणी कोठवर जाते आणि कोठे थांबते, हे सांगणे हाही मोजणीचाच भाग आहे.

तद्वत् ताटांची संख्या म्हणजे पोषण नव्हे. कांदा, ठेचा, लिंबू, ताक यांच्या अदलाबदलीने भाकरीचे सोळा प्रकार झाले, तरी त्या सोळांपैकी कोणत्याही ताटात डाळ आलेली नाही. धान्यातील प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. उलट डाळींत मेथिओनीन कमी असते, ते धान्यातून मिळते. म्हणून भाकरी आणि आमटी किंवा भात आणि वरण ही साधी जोडी परस्परांची उणीव भरून काढते. सोळा तऱ्हांपेक्षा ही एक जोडी शरीराला अधिक उपकारक ठरू शकते. गणिताच्या तासाला परिसर अभ्यासाची ही जोड दिली असता दोन्ही विषय मुलांच्या मनात एकत्र नांदतात.

यापुढील मुद्दा सर्वांत नाजूक आहे. जेवणाचे उदाहरण मुलांच्या जवळचे असते, म्हणूनच ते जपून घालावे लागते. वर्गात काही मुले अशा घरची असतात की, जेथे रोज दोन भाज्या होतात. काहींच्या घरी एकही होत नाही. “आज घरी काय खाल्ले?” असा प्रश्न विचारून शिक्षकाने पाठाची सुरुवात केली, तर तो गणिताचा प्रश्न राहत नाही. ती मुलाच्या घराची झडती होते. एखादे मूल गप्प बसते, एखादे न खाल्लेल्या पदार्थाचे नाव सांगते. शाळेत सत्य बोलावे असे शिकविणाऱ्या शिक्षकाने मुलावर खोटे बोलण्याची पाळी आणणे बरे नव्हे. याखेरीज कोणाच्या घरी मांस-मच्छी चालते, कोणाच्या घरी नाही, कोणाचा उपवास असतो. घरोघरच्या चालीरीतींची वर्गात तुलना होऊन कोणी कोणास हिणवील, अशी वेळ उदाहरणामुळे येता कामा नये.

यावर उपाय सोपा आहे. यादी कोणाच्याही घरची नसावी, सर्वांची असावी. आठवड्याच्या बाजारातील भाज्या घ्याव्यात, गावच्या जत्रेतील खानावळ कल्पावी, किंवा शाळेतील पोषण आहार घ्यावा. देशात १९९५ मध्ये सुरू झालेली आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण या नावाने चालणारी योजना शाळेत सर्वांना एकच ताट देते. त्या ताटावरचे गणित कोणाला उणे वाटत नाही. समजा, मटकी, चवळी आणि हरभरा ही तीन कडधान्ये आहेत आणि त्यांची उसळ करणे किंवा ती भातात शिजवून पुलाव करणे अशा दोन रीती आहेत. तीन दुणे सहा पदार्थ झाले आणि सोमवार ते शनिवार असे दिवसही सहाच. एकही पदार्थ पुन्हा न येता आठवडा भरला. हे पदार्थ कोणत्या वारी कोणता, असे किती क्रमांनी मांडता येतील, हे सातवीच्या मुलांस विचारावे. सहा, पाच, चार, तीन, दोन आणि एक यांचा गुणाकार सातशेवीस येतो. दर आठवड्यास नवा क्रम घेतला तर वर्षाच्या बावन्न आठवड्यांच्या हिशेबाने बारा वर्षांत सहाशेचोवीसच क्रम होतात. म्हणजे पहिलीत आलेले मूल बारावीतून बाहेर पडले, तरी सहा पदार्थांचे सर्व क्रम संपलेले नसतील. हे ऐकून मुले थक्क होतात आणि मग स्वतःच पडताळा पाहू लागतात.

इतकी काळजी घेऊनही एखादे मूल कधी आपण होऊन सांगते की, त्याच्या घरी भाकरी एकाच प्रकारची आणि तिच्याबरोबर चटणीही एकच. वर्गात हसू फुटण्याचा संभव असतो. शिक्षकाने ते फुटू देऊ नये आणि त्या मुलाला उपदेशही करू नये. इतर उदाहरणे ज्या गांभीर्याने फळ्यावर लिहिली, त्याच गांभीर्याने एक गुणिले एक बरोबर एक असे लिहावे आणि हे उत्तर अचूक असल्याचे सांगावे. ते खरोखरच अचूक आहे. निवड जेथे नाही, तेथे गुणाकाराची वाढ नाही, हा गुणाकाराचा महत्त्वाचा नियम त्या मुलाने वर्गाला दाखविला आहे. मग पुढच्या उदाहरणाकडे वळावे. शाळा सुटल्यावर मात्र शिक्षकाने त्या मुलाची आठवण ठेवावी. ते सकाळी काही खाऊन येते काय, दुपारच्या आहाराला ते हजर असते काय, आरोग्य तपासणीच्या दिवशी त्याचे वजन नीट नोंदले जाते काय, हे पाहावे. हजेरीपटावरील खूण जे सांगत नाही ते गणिताच्या तासाला कधी कळून येते, आणि ज्याला ते कळले त्याच्यावर त्याची जबाबदारी येते.

आता वर्गवार योजनेविषयी थोडे. तिसरी-चौथीत दोन बाजूंच्या निवडीची ताटे चिठ्ठ्यांनी लावावीत आणि ओळींत मांडावीत. संख्या सहा-आठच्या पलीकडे नेऊ नये. पाचवीत तिसरी बाजू वाढवून फांद्यांची आकृती घ्यावी. सहावीत जोड्यांची यादी आणि दुप्पट होत जाणारी यादी घ्यावी. सातवीत भास्कराचार्यांचे उदाहरण आणि क्रमांचे उदाहरण करून पाहावे. सूत्र शेवटी यावे, तेही मुलांच्या याद्यांतून. ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आहेत, तेथे हा पाठ विशेष सोयीचा आहे. एकाच फळ्यावर एकच यादी लिहून धाकट्यांनी ताटे लावावीत आणि थोरल्यांनी ती मोजण्याची रीत शोधावी. मोठ्या मुलाने लहान मुलाची यादी तपासावी. तपासताना त्याला स्वतःलाच रीत अधिक स्पष्ट होते.

मूल्यमापन करताना केवळ संख्येला गुण देऊ नयेत. उत्तर चुकले असूनही यादी क्रमाने केली असेल, तर तिचे गुण द्यावेत. उलट उत्तर बरोबर असून ते कसे आले हे सांगता येत नसेल, तर मुलाला पुन्हा चिठ्ठ्या हाती द्याव्यात. प्रत्येक उदाहरणाशेवटी दोनच प्रश्न विचारावेत : काही राहिले नाही, हे कशावरून? काही दोनदा आले नाही, हे कशावरून? पुढे हेच मूल गावच्या दुकानात मालाची यादी करील, शेताच्या वाट्यांची नोंद करील, ग्रामपंचायतीच्या कामात लाभार्थ्यांची यादी तपासील. तेथे एखादे नाव राहून जाणे म्हणजे कोणाचा तरी हक्क राहून जाणे होय. त्या वेळी सूत्र आठवले नाही तरी चालेल. हे दोन प्रश्न आठवले पाहिजेत.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या मुलांनी केलेल्या याद्यांपैकी चार-पाच बरोबर आणाव्यात. निवडक सुबक याद्या आणण्याचे कारण नाही. ज्यांत एखादे ताट राहिले, एखादे दोनदा आले, अशा याद्या अवश्य आणाव्यात. मूल कोठे अडले हे त्यांवरून दिसते, आणि त्यांच्यावर एकत्र बसून विचार केल्यास पुढच्या पाठाची आखणी अधिक चांगली होईल.